मॉन्टेरेची सार्डिन गेली कुठे?

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावाच्या डबाबंद मासळीची गोष्ट निघाली की बरेच जण एकच सांगतात, "एके वर्षी सार्डिन आलीच नाही." मला हे ऐकवत नाही. आलीच नाही म्हणजे? त्याआधी ४० वर्षं ती उपसली कोणी?

सुरुवात साधी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक बूथ यांनी सार्डिन (आपल्या तारलीच्याच कुळातली) डब्यात भरायला घेतली. नॉर्वेच्या क्नूट होवडन यांनी यंत्रं आणली, सिसिलीच्या पिएत्रो फेरांते यांनी लांपारा (मासळीच्या थव्याला वेढा घालणारं) जाळं. पहिल्या महायुद्धात डब्यांना मागणी आली आणि किनाऱ्यालगत कारखान्यांची रांग लागली. रात्री होड्या भरून आल्या की भोंगा वाजायचा. प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा. आपला ओळखून बाया अंथरुणातून उठायच्या आणि मासळी संपेपर्यंत ओल्या फरशीवर उभ्या राहायच्या.

पण मोठी कमाई डब्यात नव्हती, भुकटीत होती. आधी डोकी-शेपट्या उकडून तेल काढायचे, उरलेल्याची भुकटी कोंबड्यांना आणि शेताला. मग अख्खा मासाच त्यात जाऊ लागला. कापायला, भरायला माणसं नकोत, डबेही नकोत. राज्याने मर्यादा घातल्या, तर १९३० च्या दशकात भुकटी करणारी जहाजंच राज्याच्या तीन मैलांच्या हद्दीबाहेर नांगरली! राज्याचे शास्त्रज्ञ मासेमारी आवरा म्हणून सांगत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगामाला २ लाख टनांवर मासळी उतरली, आणि दशक सरायच्या आत जाळी रिकामी येऊ लागली.

समुद्रही थंड-गरम होतो, हे मान्य. तळाच्या गाळातले खवले सांगतात की कारखाने नव्हते तेव्हाही सार्डिन कधी वाढायची, कधी आटायची. पण मग आटत्या वर्षांत तरी हात आखडायला नको होता का? कारखान्यांच्या त्याच रस्त्यावर प्रयोगशाळा असलेले समुद्री जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स स्थानिक वर्तमानपत्रात हेच कळकळीने मांडत होते. १९४८ मध्ये त्यांच्या गाडीला रेल्वेची धडक बसली आणि ते गेले.

सार्डिन पकडण्यावर बंदी आली ती थेट १९६७ मध्ये. होवडनचा कारखाना १९७३ मध्ये बंद झाला, त्या जागी १९८४ मध्ये मत्स्यालय उभं राहिलं. जुने बॉयलर तिथे जपून ठेवलेत. बाकीच्या कारखान्यांची बरीच यंत्रं विकली गेली, दक्षिण अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत. यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं. भोंगा ओळखून उठणाऱ्या त्या बायांना कोणी विचारलं?