"चारच अल्बम, एकही नंबर वन नाही": 'द स्मिथ्स'बद्दलच्या एका दाव्याला उत्तर

मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या ऐंशीच्या दशकातल्या रॉक बँडबद्दल एक दावा गेली काही वर्षं हातोहात फिरतोय. थोडक्यात तो असा: हा बँड आपल्या काळात चाललाच नाही. जेमतेम चार अल्बम, खपाच्या यादीत (चार्टवर) नंबर वन गाणं एकही नाही, पहिल्या दहात फक्त दोन गाणी आणि तीही दहाव्या क्रमांकावर. छोट्या इंडी (स्वतंत्र) कंपनीच्या नादी लागून त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं, अपयशाला कंटाळून बँड फुटला, आणि आज दिसतं ते त्यांचं मोठेपण नंतरच्या पिढ्यांनी त्यांना चिकटवलेलं आहे.

यातले काही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच दावा पटकन गळी उतरतो. पण त्या आकड्यांच्या आजूबाजूचे आकडे गाळले आहेत, आणि ते मांडले की चित्र बरंच पालटतं. मी या बँडच्या तबकड्या तारखांनुसार, एकामागून एक ऐकत आलो आहे. त्यामुळे हा दावा वाचला की मला गप्प बसवत नाही.

आधी ते 'चारच अल्बम'.

स्टुडिओत सलग बसून केलेले अल्बम चारच, हे खरं. फेब्रुवारी 1984 मध्ये 'द स्मिथ्स', फेब्रुवारी 1985 मध्ये 'मीट इज मर्डर', जून 1986 मध्ये 'द क्वीन इज डेड' आणि सप्टेंबर 1987 मध्ये 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम'. पण हा बँड अल्बमच्या हिशोबाने चालतच नव्हता. गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार ही दोघं मुळात सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांच्या प्रेमात पडून मोठी झालेली माणसं. दोन बाजूंची सात इंची तबकडी हीच त्यांच्या लेखी पूर्ण कलाकृती होती. मे 1983 मध्ये 'हँड इन ग्लव्ह' आलं, तिथपासून 1987 संपेपर्यंत त्यांनी ब्रिटनमध्ये 17 सिंगल्स काढली. त्यातली 9 ब्रिटनमधल्या कुठल्याही मूळ स्टुडिओ एलपीवर (अल्बमच्या मोठ्या तबकडीवर) नव्हती: 'धिस चार्मिंग मॅन', 'हेवन नोज आय अॅम मिझरेबल नाउ', 'विल्यम, इट वॉज रिअली नथिंग', 'हाउ सून इज नाउ?', 'शेक्सपिअर्स सिस्टर', 'पॅनिक', 'आस्क', 'शॉपलिफ्टर्स ऑफ द वर्ल्ड युनाइट' आणि 'शीला टेक अ बाउ'.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. बँडची ओळख म्हणून जी गाणी सांगितली जातात, त्यातली निम्मी इथे आहेत. चारच अल्बम मोजणारा माणूस ही सगळी हिशोबाबाहेर ठेवतो. शिवाय बहुतेक सिंगल्सच्या मागच्या बाजूला नवं गाणं असायचं, उरलंसुरलं भरायला टाकलेलं नव्हे. 'प्लीज, प्लीज, प्लीज लेट मी गेट व्हॉट आय वाँट' हे दोन मिनिटांच्याही आत संपणारं गाणं 'विल्यम'च्या मागच्या बाजूला आलं होतं. दुसऱ्या एखाद्या बँडने त्या गाण्यावर अख्खा अल्बम तोलला असता.

ही विखुरलेली गाणी ज्यांना एकत्र हवी होती, त्यांच्यासाठी संग्रह निघाले. नोव्हेंबर 1984 मध्ये 'हॅटफुल ऑफ हॉलो' आला. त्यात सिंगल्स, बी-साइड (मागच्या बाजूची गाणी) आणि बीबीसी रेडिओसाठी केलेली रेकॉर्डिंग होती. 3.99 पौंडांपेक्षा जास्त देऊ नका, असं त्याच्या वेष्टनावरच छापलं होतं. 1987 च्या सुरुवातीला 'द वर्ल्ड वोन्ट लिसन' आणि त्याच वर्षी अमेरिकेसाठी 'लाउडर दॅन बॉम्ब्स' हा दुहेरी अल्बम आला. संग्रह म्हटलं की जुनाच माल नव्या पिशवीत, असा आपला समज असतो. इथे तसं नव्हतं. पहिल्या अल्बममधली काही गाणी 'हॅटफुल'वर रेडिओच्या रूपात ऐका. पहिला अल्बम एकदा ट्रॉय टेट या निर्मात्याबरोबर पूर्ण करून बाजूला ठेवला गेला आणि जॉन पोर्टरबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित झाला. त्या सगळ्या खटाटोपात हरवलेला ताजेपणा मला रेडिओच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडतो. माझ्या मते 'हॅटफुल'च त्यांची खरी पहिली ओळख आहे.

एकूण गाणी सत्तरच्या आसपास भरतात, आणि ती पाच वर्षांहूनही कमी काळात आली. पहिलं सिंगल निघालं तेव्हा मार 19 वर्षांचा होता.

आता पहिल्या दहातली ती दोनच गाणी. 'हेवन नोज' (1984) आणि 'शीला' (1987) दोन्ही दहाव्या क्रमांकावर थांबली, हे बरोबर. पण 17 सिंगल्सचा पूर्ण पट मांडू. पहिलं 'हँड इन ग्लव्ह' 124 व्या क्रमांकापुढे गेलं नाही. जुलै 1985 चं 'दॅट जोक इजन्ट फनी एनीमोर' 49 वर अडलं. उरलेली सगळीच्या सगळी 15 पहिल्या तिसात गेली, आणि त्यातली 8 पहिल्या विसात. 'पॅनिक' 11, 'व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?' आणि 'शॉपलिफ्टर्स' 12, 'गर्लफ्रेंड इन अ कोमा' 13, 'आस्क' 14, 'विल्यम' 17. दर तीन-चार महिन्यांनी नवं गाणं काढून इतकं सातत्य राखणं याला अपयश म्हणायचं असेल, तर त्या दशकातल्या बहुतेक गिटार बँडना कुठला शब्द लावणार?

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. पहिल्या विसात गेलेली आठही गाणी बाजारात आली तेव्हा कुठल्याही एलपीवर मिळत नव्हती. त्यातली सहा कधीच स्टुडिओ अल्बमवर आली नाहीत. 'व्हॉट डिफरन्स' आणि 'गर्लफ्रेंड' ही दोन आपापल्या अल्बमच्या आधी आली. उलट बाजूला घसरलेली गाणी पाहा. 'दॅट जोक' हे 'मीट इज मर्डर'वर पाच महिने आधीच येऊन गेलेलं होतं. 'आय स्टार्टेड समथिंग आय कुडन्ट फिनिश' (23) आणि 'लास्ट नाइट आय ड्रेम्ट दॅट समबडी लव्हड मी' (30) ही दोन्ही 'स्ट्रेंजवेज' घराघरांत पोहोचल्यावर निघाली. 'हाउ सून इज नाउ?' 24 वर थांबलं, कारण ते सिंगल म्हणून 1985 मध्ये येईपर्यंत 'विल्यम'च्या 12 इंची तबकडीवर (सिंगलच्या मोठ्या आवृत्तीवर) आणि मग 'हॅटफुल'वर, असं दोनदा विकलं गेलं होतं.

म्हणजे चाहते अल्बम घेत होते. हातात असलेलं गाणं पुन्हा विकत घ्यायला ते तयार नव्हते, इतकंच. हा नियम अगदी काटेकोर नाही, हेही सांगतो: 'शेक्सपिअर्स सिस्टर' आणि 'बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन' ही दोन्ही आली तेव्हा नवीकोरी होती, तरी 26 वरच राहिली. पण एकूण कल स्पष्ट आहे. आणि 'देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट' तर बँड असेपर्यंत ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघालंच नाही. जे शर्यतीत उतरलंच नाही, ते हरलं कसं?

'एकही नंबर वन नाही' हे विधान सिंगल्सपुरतं खरं आहे. अल्बमच्या चार्टवर ते सरळ चूक आहे. फेब्रुवारी 1985 मध्ये 'मीट इज मर्डर' ब्रिटनच्या अल्बम चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तिथून त्याने खाली ढकललं ते ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यूएसए'ला. एका बाजूला प्रचंड अमेरिकी कंपनी, दुसऱ्या बाजूला एका तबकड्यांच्या दुकानातून वाढलेलं लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी छोटी कंपनी. चारही स्टुडिओ अल्बमचे क्रमांक ओळीने लिहिले तर 2, 1, 2, 2 असे येतात. 'हॅटफुल' सातवा आणि 'द वर्ल्ड वोन्ट लिसन' दुसरा. 'द क्वीन इज डेड' 22 आठवडे चार्टवर होता. फसलेल्या बँडची ही प्रगतिपुस्तिका नव्हे.

अमेरिकेत मात्र ते तितके वर गेले नाहीत. तिथे 'द क्वीन इज डेड' 70, 'लाउडर दॅन बॉम्ब्स' 62 आणि 'स्ट्रेंजवेज' 55 पर्यंत पोहोचले. हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. चढता क्रम मात्र पाहून ठेवावा.

आता इंडी कंपनीच्या 'नादाबद्दल'. इथे दावा करणाऱ्यांचा मूळ शब्दापासूनच गोंधळ आहे. 'इंडी' म्हणजे छोटं, न खपणारं असं ते गृहीत धरतात. ब्रिटनमधला इंडी चार्ट जानेवारी 1980 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची अट संगीताच्या शैलीची किंवा खपाची नव्हती, वितरणाची होती. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून दुकानात पोहोचलेली तबकडी ती इंडी. म्हणून पुढे कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणीही त्या चार्टवर दिसली. म्यूट कंपनीच्या याझूचं 'ओन्ली यू' 1982 मध्ये मुख्य चार्टवर दुसरं होतं, फॅक्टरी कंपनीच्या न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' 1983 मध्ये पहिल्या दहात होतं. इंडी असणं आणि खपणं यांत तेव्हाही वैर नव्हतं.

स्मिथ्सची कंपनी रफ ट्रेड. जेफ ट्रॅव्हिस यांनी 1976 मध्ये लंडनमध्ये दुकान काढलं आणि दोन वर्षांनी त्यातून लेबल उभं राहिलं. 'हँड इन ग्लव्ह'ची टेप घेऊन मार आणि बँडचा बेसवादक अँडी रूर्क मँचेस्टरहून थेट ट्रॅव्हिस यांच्याकडे गेले होते. त्या गाण्याचा 124 हा क्रमांक दाव्यात हमखास फेकला जातो. पण मुख्य चार्ट तेव्हा निवडक दुकानांतल्या नोंदींवरून बनत असे, आणि नवख्या बँडची तबकडी विकणारी सगळी छोटी दुकानं त्या निवडीत नव्हती. इंडी चार्टवर तेच गाणं महिनोन्‌महिने टिकलं. 1984 च्या सुरुवातीला त्या चार्टचे पहिले तीनही क्रमांक स्मिथ्सच्याच तीन सिंगल्सकडे होते, आणि तिसरं हेच 'हँड इन ग्लव्ह' होतं.

रफ ट्रेडमध्ये सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. जाहिरातीला पैसा कमी पडतो, ही मॉरिसीची तक्रार जाहीर होती. 'द क्वीन इज डेड' तयार होऊनही कंपनीशी झालेल्या कायदेशीर भांडणात महिनोन्‌महिने अडकून पडला. त्यात बँडला प्रचाराचे व्हिडिओ करायचेच नव्हते, आणि तोही काळ व्हिडिओंचा. मोठ्या कंपनीत 'पॅनिक' किंवा 'आस्क' आणखी चार-पाच पायऱ्या वर गेलं असतं, हे शक्य आहे. पण दर तीन-चार महिन्यांनी अल्बमशी संबंध नसलेलं नवं सिंगल काढायची मोकळीक मोठ्या कंपनीने दिली असती असं मला वाटत नाही. तिथला रिवाज उलटा होता: अल्बम एक, आणि त्यातूनच चार-पाच सिंगल्स पिळून काढायची. त्या रिवाजात वरच्या यादीतली नऊ गाणी कुठे बसली असती?

'अपयशाला कंटाळून फुटले' यावर फार लिहिण्यासारखं नाही. 1986 मध्ये ईएमआयसारख्या बलाढ्य कंपनीने त्यांना करारबद्ध केलं होतं. अपयशी बँडच्या दारात ईएमआय जात नसते. मार 1987 च्या उन्हाळ्यात बाहेर पडला तो थकून. बँडला कायमचा मॅनेजर नव्हता, आणि संगीताबरोबर व्यवहाराचीही बरीच ओझी त्याच्या खांद्यावर येऊन पडली होती. वय 23. तो गेल्यावर आलेला 'स्ट्रेंजवेज' दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि वर्षभराने आलेला मैफिलीचा अल्बम 'रँक'ही दुसऱ्याच.

राहिला शेवटचा मुद्दा, मोठेपण मागाहून चिकटवल्याचा. 1992 मध्ये गाण्यांचे हक्क नव्या कंपनीकडे गेले, निवडक गाण्यांचा संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला, आणि पुन्हा काढलेलं 'धिस चार्मिंग मॅन' आठव्या क्रमांकावर पोहोचलं. त्यांच्या सिंगल्सचा तोच उच्चांक. नव्या श्रोत्यांनी भर घातली यात शंका नाही. पण सुरुवात त्यांनी केली नाही. 1983 च्या नोव्हेंबरात हातात ग्लॅडिओलाची फुलं फिरवत मॉरिसी बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात हेच गाणं गायला, तेव्हा ते गाणं 25 च्या वर गेलं नव्हतं, आणि तरीही पुढच्या तीनच महिन्यांत पहिला अल्बम थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला.

बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील दर वर्षअखेरीस श्रोत्यांच्या मतांवरून पन्नास गाण्यांची यादी वाजवायचे. 1984 च्या यादीत पहिलं आलं 'हाउ सून इज नाउ?'. तेव्हा ते सिंगल नव्हतं. एका 12 इंची तबकडीची मागची बाजू आणि एका स्वस्त संग्रहातलं एक गाणं, एवढीच त्याची जागा होती. लोकांनी तबकडी उलटून लावली, ऐकली आणि पत्रं पाठवून त्याला पहिलं केलं, बँडला अजून अडीचेक वर्षं चालायचं होतं तेव्हा.