"स्टील वाकतं पण तुटत नाही" वाल्या फॉरवर्डबद्दल थोडंसं

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि मावशी अशा तीन ठिकाणांहून आला. थोडक्यात म्हणणं असं की स्टीलची बिल्डिंग भूकंपात पडत नाही कारण स्टील वाकतं पण तुटत नाही, प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतलेले काँक्रीटचे तुकडे साइटवर आणून जोडायचे) म्हणजे पत्त्यांचा बंगला, फुकट मिळाला तरी तसला फ्लॅट घेऊ नका, त्यापेक्षा जागेवर ओतलेलं आरसीसी बरं, आणि ब्रोशरवर "८ रिश्टरपर्यंत सेफ" लिहिलेलं बघूनच बुकिंग करा. खाली सही म्हणून "एका ज्येष्ठ इंजिनिअरचा सल्ला". मी काही ज्येष्ठ नाही, पण वीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनवरच पोट भरतोय, त्यामुळे राहवलं नाही.

"स्टील वाकतं पण तुटत नाही."

सळईपुरतं खरंय. साधी सळई मशीनमध्ये धरून ओढली की तुटायच्या आधी चांगली लांबते. पण बिल्डिंग म्हणजे सळई नाही ना, तिथे बीम आणि कॉलम कुठेतरी जोडलेले असतात. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, ६.७ चा. तोपर्यंत तिकडच्या इंजिनिअर लोकांचीही समजूत या फॉरवर्डसारखीच होती, की वेल्ड केलेली स्टील फ्रेम म्हणजे सगळ्यात भरवशाचं काम. भूकंपानंतर बाहेरून इमारती ठीकठाक दिसत होत्या, मग कुठे लिफ्ट अडकते, कुठे मजला जरा कललाय असं वाटून लोकांनी छत उघडलं, स्टीलवरचं आगीपासून वाचवणारं लिंपण खरवडलं, आणि आत बीम-कॉलमच्या जोडावर सरळ चिरा. अशा शंभराहून जास्त इमारती निघाल्या, काही ठिकाणी तर चीर वेल्डमधून थेट कॉलमच्या आत शिरलेली, आणि वाकल्याची खूण जवळपास नाहीच.

कारण ऐकलं तर वाटतं एवढंसंच होतं होय. बीम इंग्रजी I सारखा असतो, वर-खाली आडवी पाती आणि मध्ये उभी प्लेट, तिला वेब म्हणतात. खालच्या पात्याचं वेल्डिंग करताना हा वेब मध्ये येतो, त्यामुळे वेल्डरला अर्धं या बाजूने आणि अर्धं त्या बाजूने करावं लागायचं आणि नेमकी मध्यावरच खोट राहायची. वेल्डखाली लावलेली बॅकिंगची पट्टी काम झाल्यावर तशीच सोडून द्यायचे, तिच्या फटीतून चीर सुरू व्हायची. वरून वेल्डचा धातूच ठिसूळ. एक मात्र मान्य करायलाच हवं, त्यातली एकही इमारत कोसळली नाही. पण त्या जोडांवर जो भरवसा होता तो उडाला.

त्यावर जे उपाय निघाले त्यातला एक मला अजून भारी वाटतो. कॉलमपासून थोडं लांब बीमची पाती दोन्ही बाजूंनी गोलाई देऊन कापून टाकायची, म्हणजे बीम मुद्दाम तिथे बारीक करायचा. कुत्र्याच्या हाडासारखा दिसतो म्हणून त्याला डॉगबोनच म्हणतात. भूकंपात बीम तिथे वाकतो आणि वेल्डवर जोर कमी येतो. पैसे देऊन घेतलेलं स्टील कापून फेकायचं हे क्लायंटला समजावताना घाम फुटतो ती गोष्ट वेगळी.

आणि "कधीच पडत नाही" म्हणणाऱ्यांनी मेक्सिको सिटी बघावं. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात तिथल्या पिनो सुआरेझ संकुलातला २१ मजली स्टीलचा टॉवर पूर्ण कोसळला. प्लेटा जोडून केलेल्या पेटीसारख्या कॉलमच्या प्लेटा दाबाखाली फुगल्या, कडेचे वेल्ड उकलले, संपलं. स्टील तुटायच्या आधी असं चुरगळूही शकतं, ते फॉरवर्डमध्ये नाहीये.

"प्रीकास्ट म्हणजे पत्त्यांचा बंगला."

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण पत्त्यांचे बंगले खरंच बांधले गेलेत. इटलीत एमिलियाला मे २०१२ मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने दोन भूकंप झाले, त्यात कारखान्यांच्या शेड धडाधड पडल्या आणि आत कामावर असलेली माणसं गेली. त्या शेडमध्ये बरेच प्रीकास्ट बीम कॉलमवर नुसते टेकवलेले होते, बोल्ट नाही, पिन नाही, निव्वळ घर्षणावर. वजन खाली जातंय तोपर्यंत मजेत, जमीन आडवी हलली की बीम घसरला. आपल्याकडे २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये जेमतेम काही वर्षांपूर्वी बांधलेल्या एकमजली प्रीकास्ट शाळांचीही छपरं अशीच खाली आली होती. २६ जानेवारीची सुट्टी होती म्हणून, नाहीतर विचारच करवत नाही.

पण आता हे ऐका. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ ला स्पिटाकचा भूकंप झाला. जवळच्या लेनिनाकान शहरात (आताचं ग्युमरी) नऊ मजली प्रीकास्ट फ्रेमच्या, म्हणजे बीम-कॉलमच्या सांगाड्याच्या इमारती होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त साफ झाल्या. त्याच शहरात, त्याच भूकंपात, प्रीकास्टच्याच पण मोठमोठ्या भिंतींच्या पॅनेलनी बांधलेल्या नऊ मजली इमारती उभ्या राहिल्या. मग प्रीकास्ट वाईट की चांगलं? फ्रेमवाल्या इमारतींत कॉलमच्या जोडाचं वेल्डिंग कच्चं, कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा कमी आणि मजल्याच्या फळ्या एकमेकींना धड बांधलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक तुकडा आपापला हलला. पॅनेलवाल्यांत भिंतीच इतक्या होत्या की आडवा धक्का सगळ्यांत वाटला गेला.

आणि मुद्दाम भूकंपासाठीच केलेलं प्रीकास्टही असतं. सॅन दिएगोच्या विद्यापीठात १९९९ मध्ये पाच मजली प्रीकास्ट इमारतीचं मोठं मॉडेल उभं करून ढकलून-ओढून तपासलं होतं. त्यातल्या एका पद्धतीत बीमच्या पोटातून काँक्रीटला न चिकटवलेल्या, ताणून धरलेल्या केबल जातात, हादऱ्यात जोड जरासा उघडतो आणि हादरा ओसरला की केबल त्याला परत मिटवते, रबर बँडसारखं. तसल्याच जोडाचा ३९ मजली पॅरामाउंट टॉवर सॅन फ्रान्सिस्कोत उभा आहे, जिथे भूकंप म्हणजे आपल्याकडच्या पावसासारखा, येणार हे ठरलेलंच. तेव्हा सिडकोने नवी मुंबईत ९६ दिवसांत ९६ फ्लॅट प्रीकास्टने उभे केले म्हणून नाकं मुरडायची असतील तर दिवस मोजून मुरडू नका, जोड बघा.

"त्यापेक्षा जागेवर ओतलेलं बरं."

अहमदाबाद. कच्छच्या त्याच भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, २००१ मध्ये तिथे ज्या अपार्टमेंट पडल्या त्या जागेवर ओतलेल्याच होत्या, खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले. २०२३ मध्ये तुर्कस्तानातही पडलेल्यांत मोठा भरणा जागेवर ओतलेल्या काँक्रीटचाच. पुढचं बोलत नाही.

"८ रिश्टरपर्यंत सेफ."

हे वाचलं की माझं डोकंच फिरतं. रिश्टर म्हणा किंवा मॅग्निट्यूड, तो आकडा भूकंपाच्या उगमापाशी किती ऊर्जा सुटली त्याचा. तुमच्या बिल्डिंगला काय जाणवणार ते अंतर, खोली आणि खालच्या मातीवर ठरतं. मेक्सिकोचा तो ८ चा भूकंप शहरापासून साडेतीनशे किलोमीटरवर झाला होता, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं, त्या गाळाने हादरा वाढवला. उलट किल्लारीला १९९३ मध्ये ६.२ च्या आसपासचाच होता, पण पायाखाली झाला आणि दगड-मातीची घरं झोपेत अंगावर आली.

आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडमध्ये डिझाइन करताना रिश्टर कुठे येतच नाही. २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे मुंबई-पुणे झोन ३ मध्ये, तिथे धरायच्या हादऱ्याचा आकडा ०.१६. ढोबळ हिशेब केला तर चांगल्या डक्टाइल, म्हणजे तुटायच्या आधी भरपूर वाकणाऱ्या फ्रेमसाठी, मग ती स्टीलची असो की काँक्रीटची, बिल्डिंगच्या वजनाच्या साधारण ४ टक्के आडवा जोर धरून डिझाइन होतं, आणि अजिबात इजा होऊ द्यायची नसेल तर त्याच हादऱ्याला २० टक्के धरावा लागला असता. मधली तूट कुठून भरून येते? बीम ठरलेल्या जागी वाकतात, भेगा पडतात, त्यात ऊर्जा जिरते. म्हणजे कोडच गृहीत धरतो की मोठ्या भूकंपात बिल्डिंगला इजा होणार, फक्त माणसं मरता कामा नयेत. जोड आधी तुटला तर ही पाच पटीची सूट बोंबलते, मग मटेरियल कुठलंही असो.

"हलकी बिल्डिंग सेफ" असंही एक वाक्य होतं, ते बऱ्यापैकी खरंय, वजन कमी तर जोर कमी. पण स्टीलची फ्रेम डुलतेही जास्त, म्हणून दोन मजल्यांमधली सरक उंचीच्या ०.००४ पटीत ठेवावी लागते, तीन मीटरला १२ मिलिमीटर, आणि स्टीलमध्ये बऱ्याचदा बीम-कॉलमचे साइज यावरच ठरतात.

मग फ्लॅट घेताना काय विचारायचं, हे मावशीने विचारलंच. प्रीकास्ट असेल तर दोन भिंतींच्या जोडाचं ड्रॉइंग मागा, आणि स्लीव्हमध्ये (सळया जोडायच्या नळीत) ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरताना ते वरच्या भोकातून बाहेर आलं का, याचे साइटवरचे फोटो आणि रेकॉर्ड मागा, कारण आत पोकळी राहिली तर सळई नुसती भोकात उभी असते आणि बाहेरून कुणाला कळत नाही. स्टील असेल तर जोडाच्या वेल्डची अल्ट्रासॉनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी आतली खोट शोधायची) झाली का ते विचारा. माझ्या भाच्याने एका ठिकाणी ग्राउटचा रेकॉर्ड मागितला तर सेल्सवाला म्हणाला, सर तोपर्यंत क्लब हाऊस बघून येऊया का.