‘सगळा कोड एकाच फाइलमध्ये टाका’ या सल्ल्याला उत्तर

पुण्यातल्या वेब डेव्हलपरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो: सगळ्या पानांचं सीएसएस (पानाची सजावट) आणि जावास्क्रिप्ट (पान हलतंबोलतं करणारा कोड) एकेका कॉमन फाइलमध्ये टाका. रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या फाइलींच्या मागण्या, कमी होतात, फाइल एकदाच डाउनलोड होते, लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) सार्वजनिक सीडीएनवरून, म्हणजे अनेक साइटना फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांवरून, घेतली की ती लोकांच्या ब्राउझरमध्ये आधीच असते, आणि बदल एकाच जागी करता येतो. हिंजवडीत नव्याने रुजू झालेली मुलंमुली हे प्रमाण मानून कामाला लागतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘रिक्वेस्ट कमी, म्हणजे साइट फास्ट.’ ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी (प्रोटोकॉलने) बोलतात त्याच्या जुन्या आवृत्तीच्या, एचटीटीपी/१.१ च्या काळात हे खरं होतं. ब्राउझर एका डोमेनशी साधारण ६ कनेक्शन उघडायचा, प्रत्येकावर एका वेळी एकच फाइल, बाकीच्या रांगेत. २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आलं आणि एकाच कनेक्शनवरून अनेक फाइली एकत्र येऊ लागल्या. तुमचा सर्व्हर काय वापरतो, ते डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्याच तपासणीच्या साधनांच्या) नेटवर्क टॅबमध्ये प्रोटोकॉलचा कॉलम लावला की कळतं. अजून १.१ असेल तर आधी ते बदलून घ्या. अर्थात शेकडो बारीक तुकडे करणंही चूकच. मोठी फाइल जास्त चांगली कॉम्प्रेस होते, आणि एका फाइलने दुसरी, दुसरीने तिसरी मागवायची साखळी लागली की प्रत्येक पायरीला वेळ जातो.

‘एकदाच डाउनलोड होते.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. समजा, अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याची साइट आहे. कॉमन फाइल ४०० केबीची. तिच्यात मोठी लायब्ररी, कार्टचा कोड, संपर्काच्या पानावरचा नकाशा आणि वरच्या सूचनेची पट्टी. गणपतीत दुकान कोणत्या दिवशी बंद, ती तारीख पट्टीत बदलली. बदललं एक वाक्य, पण फाइल तीच असल्यामुळे प्रत्येक जुन्या ग्राहकाला ४०० केबी पुन्हा उतरवावे लागतात. शिवाय पीएमपीच्या बसमध्ये स्वस्त फोनवर फक्त पुस्तकाची किंमत बघणाऱ्या मुलीच्या फोनलाही नकाशाचा कोड उतरवावा आणि वाचावा लागतो. तेवढा वेळ तिचा टॅप अडकून राहतो.

म्हणून फाइली किती, यापेक्षा कोणता कोड एकत्र बदलतो आणि कुठे लागतो, हे बघा. वर्षातून एखाददा बदलणारी लायब्ररी वेगळी. प्रत्येक पानाला लागणारा हेडर-फूटरचा कोड वेगळा. नकाशा फक्त संपर्काच्या पानावर. फाइलच्या नावात मजकुराचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारी अक्षरांची खूण) घाला आणि कॅश-कंट्रोलमध्ये, म्हणजे ब्राउझरने फाइलची प्रत स्वतःच्या साठ्यात (कॅशमध्ये) किती काळ ठेवायची हे सांगणाऱ्या सूचनेत, मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, म्हणजे १ वर्ष ठेवा. मग जी फाइल बदलली तेवढीच नव्याने उतरते.

‘सीडीएनवरची लायब्ररी आधीच कॅशमध्ये असते.’ आता नसते. क्रोमने २०२० पासून प्रत्येक साइटचा कॅश वेगळा ठेवायला सुरुवात केली, फायरफॉक्सने २०२१ मध्ये. सफारीत हे त्याआधीपासून आहे. दुसऱ्या साइटने उतरवलेली जेक्वेरीसारखी लायब्ररी तुमच्या साइटला मिळत नाही. उलट नव्या डोमेनशी कनेक्शन जोडण्यात वेळ जातो.

‘एकाच जागी बदल, म्हणून सांभाळायला सोपं.’ पहिले काही महिने, हो. नंतर त्या फाइलची अडगळीची खोली होते: सगळे टाकतात, काढत कोणी नाही, कारण ‘कुठेतरी वापरलं असेल’ ही धास्ती. तारीख दाखवणारं एकच फंक्शन बातम्यांच्या पानावर आणि पावतीवर वापरलं असेल, आणि बातम्यांसाठी कोणी त्यातून वर्ष काढून टाकलं, तर पावतीवरूनही वर्ष जातं. दोन ठिकाणचा कोड आज सारखा दिसतो एवढ्यावर तो कॉमन करू नका. दोन्हीकडे बदलायचं कारण एकच असेल तरच करा. आणि ‘हेल्पर्स’सारखं मोघम नाव देण्याऐवजी कामाचं नाव द्या: तारीख, किंमत, कार्ट.

हा सल्ला पुढे पाठवण्याआधी आपल्याच साइटवर डेव्हटूल्सचा कव्हरेज टॅब (किती कोड खरंच वापरला गेला ते दाखवणारा) चालू करून पान रीलोड करा. लाल पट्टी म्हणजे न चाललेला कोड. मेनू उघडा, फॉर्म भरा, कार्टमध्ये काहीतरी टाका, कारण क्लिकनंतर लागणारा कोडही सुरुवातीला लाल दिसतो. एवढं करूनही जे लाल राहील, ते त्या पानावर कशासाठी पाठवता आहात हे टीमला विचारा.