डेसिमेट म्हणजे दहा टक्केच? साफ चूक

माझी भाची बारावीला आहे. अवकाळीने द्राक्षबागांचं काय झालं यावर तिने इंग्रजीत निबंध लिहिला, त्यात "पावसाने बागा डेसिमेट केल्या" असं चांगलं वाक्य होतं. काल वही बघते तर त्या शब्दावर पेनाने काट मारलेली. का, तर फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की डेसिमेट म्हणजे दहातला एकच मारणे, मोठ्या विध्वंसाला हा शब्द वापरणारे अडाणी, रोमन लोक प्रत्येक पराभवानंतर हेच करायचे आणि पेपरात लिहिलं तर मार्क जातात. डोकंच फिरलं माझं.

शब्दाचं मूळ बरोबर सांगितलंय, तेवढं मान्य. पळपुट्या तुकडीत चिठ्ठ्या टाकायच्या, दहातल्या ज्या एकाचं नाव येईल त्याला त्याच्याच सोबत्यांनी दांडक्यांनी ठेचायचं, उरलेल्यांना गव्हाऐवजी जव आणि झोपायला छावणीबाहेर. भयंकरच. पण प्रत्येक पराभवानंतर? प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडाच्या वेळी रोमन सेनापती क्रॅससने ही शिक्षा फार वर्षांनी पुन्हा काढली, तीही आधी पळालेल्या ५०० जणांपुरती, दहा-दहाचे ५० गट करून. म्हणजे मेले ५०, अख्ख्या सैन्याचा दहावा भाग तिथेसुद्धा नाही!

आणि मुळात शब्द जिथून आला तिथेच अडकून राहतो का? इंग्लंडात राजेशाही हटवलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ मध्ये राजाच्या बाजूच्या लोकांवर १० टक्के कर लावला, त्यालाही डेसिमेशनच म्हणायचे, त्यात कोणाला ठेचलं? मेरियम-वेबस्टर डिक्शनरी उघडा, दहातला एक मारणे आहे, दहा टक्के कर आहे आणि संख्या प्रचंड घटवणे, मोठा विध्वंस करणे हेही सरळ दिलंय. निवडणुकीत एखाद्या पक्षाचं पानिपत झालं म्हणतो तेव्हा आपण १७६१ ची लढाई शोधत बसतो का? तेल हा शब्द तिळावरून आला म्हणून शेंगदाण्याच्या तेलात तीळ शोधतो का?

हां, "पूर्णपणे डेसिमेट" लिहिलं तर खटकतं, कारण थोडं काहीतरी उरलेलं असतं. पण भाचीने तसं लिहिलंच नव्हतं. आता तिथे "डिस्ट्रॉय" टाकलंय, आणि ताईच्या बागेत तर बांधाकडच्या चार ओळी वाचल्या होत्या, बाकीचे घड तडकून चिखलात पडलेले मी स्वतः बघितलेत. तिचा आधीचा शब्दच नेमका होता. मी तिला तो परत लिहायला सांगितलाय, मार्क कापले तर डिक्शनरी घेऊन सरांकडे मी जाईन.