दर वेळी ‘फ्लेअर’च कसा असतो?

संताप येतो हो, अक्षरशः संताप. संधिवात असो की क्रोन्स (आतड्यात दाह आणि व्रण करणारा आजार), काहीही असो. माणूस इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिमुमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनांवर (यांना बायोलॉजिक म्हणतात) आहे, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. महिनाभर ताप येतोय, जुलाब थांबत नाहीत, वजन झरझर उतरतंय, तोंडात व्रण आलेत. आणि केसपेपरवर काय लिहिलेलं असतं? ‘फ्लेअर’. मूळ आजार उसळलाय, स्टेरॉइड वाढवा. वाढवल्यावर ताप उतरतो, भूक लागते, चार दिवस बरं वाटतं, आणि निदान बरोबरच होतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. आत आतड्यात बुरशीला तोवर रान मोकळं!

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने टीएनएफ (शरीरात दाह पेटवणारं प्रथिन) रोखणाऱ्या याच औषधांवरचा इशारा आणखी कडक करायला लावला. त्यांच्याकडे हिस्टोप्लाझ्मोसिसच्या, म्हणजे हिस्टोप्लाझ्मा या बुरशीच्या संसर्गाच्या, २४० नोंदी आल्या होत्या. त्यांतल्या किमान २१ जणांमध्ये आजार सुरुवातीला ओळखलाच गेला नव्हता, आणि त्या २१ पैकी १२ जण गेले. इतकी वर्षं झाली या इशाऱ्याला. तरी तीव्र कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) दिसला की क्लॉस्ट्रिडिऑइडिस हा जिवाणू आणि सीएमव्ही हा विषाणू तपासायचं लक्षात राहतं, बुरशीचं नाव मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. दुर्मीळ आहे म्हणे. अरे, शोधलंच नाही तर दुर्मीळच राहणार ना!

यामागचं कारण समजायला अवघड नाही. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आपल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या आतच राहते. तिला तिथे कोंडून ठेवायला आणि मारायला त्या पेशींना टीएनएफचा आदेश लागतो. तो आदेशच औषधाने बंद केला की कोंडलेली बुरशी सुटते आणि रक्तातून यकृत, अस्थिमज्जा, अ‍ॅड्रिनल ग्रंथी, आतडं, सगळीकडे पोचते. आतड्यात तिची आवडती जागा लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात. म्हणजे नेमकी क्रोन्सची आणि क्षयाचीही जागा. तिघंही व्रण करतात, आतडं अरुंद करतात, ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींच्या बारीक गाठी) करतात. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तिघांतही वाढतं. तरीही ‘कॅलप्रोटेक्टिन वाढलंय, म्हणजे क्रोन्सच’ असं ठामपणे सांगितलं जातं! कॅलप्रोटेक्टिन फक्त आतड्यात दाह आहे एवढंच सांगतं. तो कशाने झालाय हे त्या आकड्याला कळत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती बायोप्सीच्या, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यांच्या, डबीची. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली, आठ-दहा तुकडे घेतले आणि सगळेच्या सगळे फॉर्मॅलिनमध्ये टाकले. संपलं. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, आणि मेलेली बुरशी कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) उगवत नाही. व्रणाच्या कडेचे आणि तळाचे दोन-तीन तुकडे वेगळ्या डबीत, निर्जंतुक सलाइनमध्ये घालून लगेच मायक्रोबायोलॉजीला पाठवायचे, एवढंच काम आहे. हे दुर्बीण आत घालण्याआधी ठरवावं लागतं, नंतर आठवून उपयोग नाही. चिठ्ठीवर ‘हिस्टोप्लाझ्माची शंका’ असं स्पष्ट लिहायचं, कारण साधं बॅक्टेरियाचं कल्चर काही दिवसांत टाकून देतात आणि ही बुरशी उगवायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. शिवाय प्लेटवर वाढलेली ही बुरशी श्वासातून आत जाते. न सांगता पाठवणं म्हणजे लॅबमधल्या माणसाचा जीव धोक्यात घालणं आहे. म्यूकर या दुसऱ्या बुरशीची शंका असेल तर तुकडा खलात कुटायचा नाही, पात्याने बारीक चिरायचा. तिच्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात, त्यामुळे कुटले की ते फुटतात, मरतात आणि कल्चर कोरं येतं. मग ते कोरं कल्चर दाखवून ‘बुरशी नाही’ असं सांगितलं जातं.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर तर ‘क्रोन्स?’ एवढा एकच शब्द असतो. स्टेरॉइड किती, बायोलॉजिक कोणतं, शेवटचा डोस कधी, काहीच नाही. मग पॅथॉलॉजिस्टने ओळखायचं कसं? हिस्टोप्लाझ्माची पेशी दोन ते चार मायक्रॉनची, तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. स्लाइडला नेहमी देतात त्या एच अँड ई रंगात ती सहज निसटते. जीएमएस हा चांदीचा रंग आणि पीएएस, हे दोन्ही मागायला हवेत. जीएमएसमध्ये बुरशीची भिंत काळी उठून दिसते. आधीच्या बायोप्सीचे ब्लॉक लॅबमध्ये पडून असतात. त्यांच्यावरही हे रंग आज करून घेता येतात, पुन्हा कोलोनोस्कोपी करावी लागतेच असं नाही. सोबत लघवी आणि रक्तातलं हिस्टोप्लाझ्मा अँटिजेन (बुरशीचाच अंश शोधणारी तपासणी) पाठवा. अँटिबॉडी (तिच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना अँटिबॉडी तयारच होत नाही असंही घडतं.

म्यूकरमायकोसिसचं, म्हणजे म्यूकरच्या संसर्गाचं, तर घड्याळच वेगळं. जठर किंवा मोठं आतडं, राखाडी-काळा मृत भाग असलेला व्रण, रक्तस्राव, मग छिद्र. ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद करते, म्हणून ऊतक मरतं. इथे बीटा-डी-ग्लुकन आणि गॅलॅक्टोमॅनन या बुरशीच्या दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह येतात आणि त्याच भरवशावर बुरशी नाकारली जाते! व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध दिलं जातं, ते या बुरशीवर चालत नाही. कँडिडा या यीस्टसाठीचं कॅस्पोफंजिन एकट्याने भागत नाही. लिपोसोमल अँफोटेरिसिन बी, रोज किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, आणि शक्य असेल तर मेलेला भाग कापून काढणं. हे त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, सोमवारच्या मीटिंगपर्यंत थांबून चालत नाही.

(बॅसिडिओबोलस नावाची आणखी एक बुरशी आहे. चांगल्या प्रतिकारशक्तीच्या माणसालाही होते, आतड्यात गाठ करते, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढवते. तिला कधी कॅन्सर समजतात, कधी क्रोन्स.)

आणि खरा संसर्ग असा निसटत असताना दुसरीकडे शौचाच्या तपासणीत कँडिडा दिसला म्हणून लोकांना घाबरवणारे आहेतच. कँडिडा निरोगी माणसाच्या आतड्यातही राहते. शौचात ती सापडणं म्हणजे संसर्ग नव्हे. त्यासाठी साखर बंद, यीस्ट बंद, महिनोन्‌महिने फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध, हे सगळं विकणाऱ्यांनी आधीच खंगलेल्या माणसाचं वजन आणखी उतरवून ठेवलंय. ऊतकात घुसलेली बुरशी दाखवा, मग बोला.

बरं, निदान झालं तरी गोंधळ संपत नाही. गंभीर हिस्टोप्लाझ्मोसिसला लिपोसोमल अँफोटेरिसिन रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम, एक ते दोन आठवडे. त्यानंतर बुरशीवरचं इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम, तीन दिवस दिवसातून तीनदा, मग दोनदा, किमान १२ महिने. आणि त्याच चिठ्ठीवर आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल! इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल विरघळायला जठरात आम्ल लागतं. ती भरल्या पोटी घ्यायची, आम्ल मारणाऱ्या गोळीशिवाय. द्रावण असेल तर उलट, रिकाम्या पोटी. साधारण दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी मोजायची, मिलिलिटरमागे किमान १ मायक्रोग्रॅम हवी. कितीजण मोजतात?

त्यावर हे औषध सीवायपी३ए४ हे इतर औषधं मोडून काढणारं एन्झाइम अडवतं. म्हणजे ‘सौम्य’ म्हणून दिलेलं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड शरीरात साठतं, चेहरा सुजतो, अ‍ॅड्रिनल झोपतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची पातळी चढून मूत्रपिंडावर येतं. तशाच टोफॅसिटिनिबचाही डोस तपासावा लागतो. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनाझोलचाच फेरविचार करावा लागतो. आणि घाबरून स्टेरॉइड एका रात्रीत बंद करू नका! ही बुरशी अ‍ॅड्रिनलमध्येही बसते. त्यात स्टेरॉइडची गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळतो. डोस हळूहळू उतरवायचा, आणि कमजोरी, उलट्या, कमी सोडियम दिसलं तर कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनलचं संप्रेरक) तपासायचं.

तीन महिन्यांत जुलाब थांबतात, वजन भरतं आणि इट्राकोनाझोल बंद करून बायोलॉजिक पुन्हा चालू केलं जातं. ना लघवीतलं अँटिजेन पाहिलेलं, ना संसर्गतज्ज्ञाला विचारलेलं. मग पुन्हा ताप, पुन्हा जुलाब, आणि पुन्हा सगळे तुकडे त्याच फॉर्मॅलिनच्या डबीत.