टाकीत उतरायचं ते नाकाच्या भरवशावर?

‘सावध माणसाला अपघात होत नाही’ अशी एक लांबलचक पोस्ट सध्या आमच्या घणसोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरते आहे. मी तिच्याकडे दुर्लक्षच केलं असतं. पण माझा भाचा नुकताच महापे एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलाय. त्याने ती मला पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे पाठच करून ठेवतो.’ मी स्वतः कारखान्यात मेंटेनन्सचं काम करतो, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही. ज्या मुद्द्याने माणूस मरेल, तो आधी घेतो.

पोस्टमध्ये लिहिलंय: टाकी उघडल्यावर वास घ्या, पेटती मेणबत्ती दोरीने आत सोडा. मेणबत्ती तेवत राहिली आणि वास येईनासा झाला, की उतरायला हरकत नाही.

अहो, वास येईनासा होणं हीच तर धोक्याची खूण असू शकते! मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं, की नाक बधिर होतं आणि वास कळतच नाही. 700 ते 1000 पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. 1000 पीपीएम म्हणजे हवेचा फक्त 0.1 टक्का. तेवढ्याने मेणबत्ती विझत नाही, ती खुशाल तेवत राहते. शिवाय त्याच टाकीत मिथेन हा पेट घेणारा गॅसही असतो, म्हणजे पेटती ज्योत आत सोडणं हे स्फोटाला निमंत्रण.

खरी पद्धत अशी: गॅस मोजणाऱ्या मीटरची नळी आधी टाकीच्या तोंडाशी, मग मध्ये, मग तळाशी सोडून वाचन घ्यायचं. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. ताजी हवा आत ढकलणारा ब्लोअर लावायचा. आणि काम चालू असेपर्यंत मीटर बंद करायचा नाही, कारण तळाचा गाळ ढवळला की सोड्याची बाटली हलवल्यासारखा अडकलेला गॅस उसळून वर येतो. विषारी गॅसचा सुरुवातीला शून्य असलेला आकडा डोळ्यांदेखत चढतो.

पुढचा सल्ला याहून भयंकर: ‘सहकारी आत पडला तर सावध माणूस क्षणही दवडत नाही, ओला रुमाल नाकाला बांधून उडी मारतो.’ अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-सुरक्षा संस्थेने 1986 मध्येच इशारा दिला होता, की अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी 60 टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला उतरलेल्यांचे असतात. ओला रुमाल ऑक्सिजन देत नाही. आतला माणूस हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) आणि दोरीला बांधलेला असेल तरच वरून ओढता येतो, नाहीतर श्वसन-उपकरण असलेलं अग्निशमन दल येईपर्यंत आरडाओरड करणं आणि बाकीच्यांना मागे धरून ठेवणं एवढंच हातात राहतं. ते किती कठीण आहे ते मला माहीत आहे, तरीही. ठाण्यात ढोकाळीला मे 2019 मध्ये एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात तीन कामगार गेले. ते बेसावध होते, असं त्यांच्या बायकापोरांना सांगायची हिंमत पोस्ट लिहिणाऱ्याने करावी.

घरच्या गॅसबद्दल ‘वास आला की लगेच एक्झॉस्ट फॅन लावा’ असं म्हटलंय. अजिबात लावू नका. कुठलंही बटण चालू करू नका, चालू असलेलं बंदही करू नका; ठिणगीला तेवढं पुरतं. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडून 1906 ला फोन करा. शिवाय सिलिंडरचा गॅस जड म्हणून खाली साचतो, तर आपल्याकडे घरोघरी आलेला पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. पोस्टमध्ये या दुसऱ्या गॅसचा उल्लेखसुद्धा नाही.

‘नव्वद टक्के अपघात निष्काळजीपणाने’ या वाक्याला आधार दिलेला नाही. असा आकडा हाइनरिक या अमेरिकन विमा-तज्ज्ञाने 1931 मध्ये मांडला होता, 88 टक्के. तो मुख्यतः मालकांनी आणि विमा कंपन्यांनी दिलेल्या नोंदींवरून काढलेला होता. दोष कोणावर जाणार, हे उघड आहे.

रूळ ओलांडताना कानात इअरफोन नको, मॉलमध्ये शिरताना बाहेर पडायची वाट बघून ठेवा, हे मात्र बरोबर आहे. तेवढं मान्य करावंच लागेल. रूळ मुळात ओलांडूच नयेत, हे लिहिलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

भाच्याला सांगितलंय: वर्क परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) सही, मीटरचं वाचन आणि वर उभा राहणारा माणूस, यातलं एक जरी नसलं तरी नाही म्हणायचं. सोसायटीच्या कमिटीलाही हेच सांगणं आहे. सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्याआधी टाकी साफ करायला येणारा ठेकेदार ‘आमची पोरं सवयीची आहेत’ म्हणाला, तर त्याला गेटवरूनच परत पाठवा आणि सक्शनची गाडी मागवा.