‘फोनची चिप शिशाच्या डब्यात घालून मंगळावर पाठवा’: हे का चालत नाही

सध्या एक दावा जोरात फिरतोय. पर्सिव्हरन्स रोव्हरमध्ये १९९८ च्या आयमॅकचाच प्रोसेसर आहे. त्याऐवजी फोनची चिप शिशाच्या डब्यात घालून पाठवली असती तरी भागलं असतं, आणि इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरने ते सिद्धही केलंय.

‘आयमॅकचाच प्रोसेसर’ हे अर्धसत्य आहे. रोव्हरमधल्या रॅड७५० या प्रोसेसरची रचना आयमॅकमधल्या पॉवरपीसी ७५० चीच, पण चिप किरणोत्सर्ग झेलण्यासाठी वेगळी बनवलेली. साध्या चिपमधून जड विद्युतभारित कण गेला की नुसता एखादा बिट (मेमरीतला ० किंवा १) उलटून भागत नाही. कधी कधी सिलिकॉनमध्ये सप्लाय ते ग्राउंड अशी भलतीच वाट उघडते आणि वीज तोडेपर्यंत करंट वाहतच राहतो. याला लॅचअप म्हणतात. वेळेत वीज तुटली नाही तर चिप जळते. रॅड७५० मध्ये ही वाटच बंद केलेली आहे, शिवाय ती उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते: जेमतेम २०० मेगाहर्ट्‌झ.

शिशाचा डबा? कवचाने चिपमध्ये साठत जाणारा किरणोत्सर्गाचा डोस कमी होतो, हे खरं. गुरूभोवती फिरणाऱ्या ज्युनो यानाचं इलेक्ट्रॉनिक्स म्हणूनच सुमारे १ सेंटीमीटर जाड टायटॅनियमच्या पेटीत ठेवलंय. पण आकाशगंगेतून येणारे अतिवेगवान कण असली कवचं भेदून जातात, वर धातूवर आदळून दुय्यम कणही उडवतात. म्हणून मेमरीत दुरुस्तीचे जादा बिट ठेवतात आणि ती सतत वाचून, सुधारून परत लिहितात. नाहीतर त्याच ‘शब्दात’, म्हणजे एकत्र साठवलेल्या बिटांच्या गटात, दुसरा बिट उलटला की दुरुस्ती हुकते.

इन्जेन्युइटीचा दाखला तर नीट पाहायलाच हवा. तिच्यात स्नॅपड्रॅगन ८०१ ही फोनची चिप होती, पण तिचं काम कॅमेऱ्याच्या चित्रांवरून दिशा काढण्याचं. पाती सांभाळायला होते दोन टीएमएस५७० मायक्रोकंट्रोलर (छोटे नियंत्रक संगणक), म्हणजे गाड्यांच्या ब्रेक-स्टिअरिंगसारख्या कामांसाठी बनणारा भाग. अशा प्रत्येकातले दोन कोअर (हिशेब करणारे भाग) एकच आज्ञा चालवतात. उत्तर जुळलं नाही की चूक तिथल्या तिथे पकडली जाते. मग वर बसलेली एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी चिप) उडता उडताच दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरकडे ताबा देते. फोनची चिप एकटी सोडलेलीच नव्हती! ठरली होती ५ उड्डाणं, झाली ७२. तरी हवेतला एकूण वेळ दोन तासांहून थोडाच जास्त.

रोव्हरला वर्षानुवर्षं चालायचंय. आणि उतरताना वातावरणात शिरल्यापासून टेकेपर्यंत सुमारे ७ मिनिटं होती, तर सिग्नल पृथ्वीवर पोचायलाच ११ मिनिटं लागत होती. पॅराशूट उघडायचा क्षण बिघडलेल्या चिपच्या रीस्टार्टमध्ये गेला असता, तर इथे कळेपर्यंत रोव्हर जमिनीवर आदळलेला असता.